गांधीजींचे बालपण पाहायचे तर : पोरबंदर आणि राजकोटची दोन घरे

गांधीजींचे बालपणीचे घर पाहायला निघालेला प्रवासी बहुधा पोरबंदरला जातो, कीर्तिमंदिराच्या आवारातल्या जन्मखोलीत स्वस्तिकापुढे हात जोडतो, एखादे छायाचित्र घेतो आणि अर्ध्या तासात द्वारकेच्या किंवा सोमनाथच्या वाटेला लागतो. दर्शन म्हणून ते पुरेसे असेल, पण बालपण पाहायचे असेल तर ते अपुरे आहे. मोहनदास सुमारे सात वर्षांचा असताना वडिलांबरोबर पोरबंदरहून राजकोटला गेला आणि विलायतेला जाईपर्यंतचा त्याचा बहुतेक काळ तिथेच गेला. शाळा, चोरी, कबुली, वडिलांचे आजारपण आणि मृत्यू, आईपुढे घेतलेली शपथ या सगळ्या गोष्टी राजकोटच्या आहेत. म्हणून ज्याला खरोखर घर पाहायचे आहे त्याने दोन्ही घरे पाहावीत आणि मुलाच्या वाढत्या वयाच्या क्रमाने पाहावीत, म्हणजे आधी पोरबंदर आणि मग राजकोट.

प्रवासाची आखणी

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना हा क्रम सोयीचाही पडतो. मुंबईहून पोरबंदरला थेट रेल्वे जाते, आणि परतताना राजकोटहून मुंबईकडे येणाऱ्या रात्रीच्या गाड्या अनेक आहेत. विमानाने जायचे असेल तर राजकोटचा नवा विमानतळ हिरासर येथे शहरापासून बराच बाहेर आहे, त्यामुळे तिथून शहरात येण्याचा वेळ हिशेबात धरावा. दोन्ही गावांसाठी मिळून दोन पूर्ण दिवस ठेवावेत. एका दिवसात दोन्ही उरकण्याचा प्रयत्न करू नये, कारण मधला रस्ताच सुमारे १८० किलोमीटरचा आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत राजकोटची दुपार सोसत नाही, आणि पोरबंदरला समुद्राचा वारा असला तरी दमटपणा असतो. २ ऑक्टोबर आणि ३० जानेवारी या दिवशी कीर्तिमंदिरात प्रार्थना होतात आणि मान्यवरांची ये-जा असते. प्रार्थनेला बसायचे असेल तर अवश्य जावे, मात्र घर निवांत पाहायचे असेल तर हे दोन दिवस टाळावेत. जन्माष्टमीच्या सुमारास राजकोटमध्ये मोठी जत्रा भरते आणि राहायला खोली मिळणे कठीण होते. आणखी एक गोष्ट आधीच लक्षात ठेवावी. सौराष्ट्रात दुपारी विश्रांती घेण्याची पद्धत अजून टिकून आहे आणि राजकोटमध्ये तर एक वाजल्यापासून चारपर्यंत बाजाराची बरीच दारे बंद दिसतात, त्यामुळे पाहण्याचे काम सकाळी आणि तिसऱ्या प्रहरी ठेवावे. रविवारी किंवा सणाच्या दिवशी जायचे असल्यास राजकोटचे घर उघडे आहे का, याची आदल्या दिवशी दूरध्वनीवरून चौकशी करून घ्यावी.

निघण्यापूर्वी करायची तयारी एकच आहे, पण ती टाळू नये. गांधीजींच्या आत्मकथेचा पहिला भाग वाचून जावे. मराठी अनुवाद सहज मिळतो आणि हा भाग दोन संध्याकाळींत वाचून होतो. या दोन्ही घरांत मूळ वस्तू थोड्या आहेत. खोल्या स्वच्छ, रंगवलेल्या आणि बहुतांशी रिकाम्या आहेत, आणि भिंतींवर छायाचित्रे व माहितीचे फलक आहेत. वाचून गेलेल्या माणसाला त्या रिकाम्या खोल्या भरलेल्या दिसतात. न वाचता गेलेल्याला केवळ भिंती दिसतात, आणि मुले तर पाच मिनिटांत कंटाळतात.

पोरबंदर : पहिली सात वर्षे

पोरबंदर स्थानकावरून रिक्षाने जुन्या गावात यावे. कीर्तिमंदिर दाट वस्तीत आहे, त्यामुळे गाडी थोडी अलीकडेच सोडून चालत जाणे बरे. चालताना घरांचा दगड पाहावा. हा फिकट पिवळसर, सहज घडवता येणारा चुनखडीचा दगड पोरबंदरी दगड म्हणूनच ओळखला जातो, आणि मुंबईच्या ब्रिटिशकालीन इमारतींच्या कोरीवकामात तो पाहिलेल्यांना इथे त्याचे माहेर भेटते.

प्रवेशाला शुल्क नाही. पादत्राणे बाहेर काढावी लागतात आणि उन्हात फरशी तापते, म्हणून पातळ पायमोजे जवळ ठेवावेत. आत शिरताच समोर उभे राहते ते कीर्तिमंदिर, म्हणजे घराला लागून उभारलेले स्मारक. शेठ नानजी कालिदास मेहता यांच्या देणगीतून ते बांधले गेले, १९४७ मध्ये दरबार गोपाळदास देसाई यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २७ मे १९५० रोजी सरदार वल्लभभाई पटेल यांनी त्याचे उद्घाटन केले. त्याची उंची ७९ फूट आहे, आणि आयुष्याच्या ७९ व्या वर्षी गांधीजींची हत्या झाली याची ती खूण आहे. बांधणीत हिंदू, जैन, बौद्ध, पारशी, इस्लामी आणि ख्रिस्ती वास्तुकलेच्या खुणा एकत्र आणलेल्या आहेत. मध्यभागी गांधीजी आणि कस्तुरबांची पूर्णाकृती तैलचित्रे आहेत. हे सारे पाहण्याजोगे आहे, तरी माझा सल्ला असा की स्मारक शेवटी पाहावे. ते भव्य आहे, आणि आधी भव्यता पाहून घेतली की नंतर शेजारच्या घराच्या बुटक्या, अंधाऱ्या खोल्या डोळ्यांत भरत नाहीत.

म्हणून आवारातून सरळ जुन्या घरात जावे. हे घर गांधीजींचे पणजोबा हरजीवन रायदास गांधी यांनी १७७७ मध्ये विकत घेतले आणि पुढच्या पिढ्यांनी त्यावर मजले चढवले. आज ते तीन मजली आहे आणि खोल्या बावीस आहेत. बावीस हा आकडा ऐकून श्रीमंतीची कल्पना करून घेऊ नये. आजोबा उत्तमचंद, म्हणजे ओता गांधी, यांना सहा मुलगे होते. त्या सर्वांच्या संसारांत खोल्या वाटल्या गेल्या तेव्हा काबा गांधींच्या कुटुंबाकडे तळमजल्यावरच्या मोजक्याच खोल्या आल्या. काबा गांधी, म्हणजे करमचंद, हे संस्थानचे दिवाण होते, आणि दिवाणाचा मुलगा असल्या खोलीत जन्मला ही गोष्ट तिथे उभे राहिल्यावरच पटते.

जन्मखोलीत जमिनीवर स्वस्तिक काढून जागा दाखवलेली आहे. २ ऑक्टोबर १८६९ ही तारीख सर्वांना पाठ असते. तिथे गर्दी असेल तर रेंगाळू नये. आधी वर जाऊन यावे आणि गर्दी ओसरली की पुन्हा यावे. वरचे जिने लाकडी, अरुंद आणि उभे आहेत आणि काही दारे बुटकी आहेत. गुडघेदुखी असणाऱ्यांनी वर जाण्याचा हट्ट धरू नये. लहान मुलांना पुढे आणि मोठ्यांना मागे ठेवून चढावे, उतरताना याच्या उलट क्रम ठेवावा. वरच्या खोल्यांत खिडक्यांतून उजेड येतो आणि तळमजल्याचा काळोख किती होता ते खाली परतल्यावर अधिक जाणवते.

या घरात मुलांना कोणती गोष्ट सांगावी, असे कोणी विचारले तर मी पुतळीबाईंच्या चातुर्मासाची गोष्ट सुचवीन. एका चातुर्मासात त्यांनी सूर्यदर्शन झाल्याखेरीज जेवायचे नाही असे व्रत धरले होते. पावसाळ्याच्या दिवसांत सूर्य ढगांआड असे, आणि मुले आकाशाकडे टक लावून उभी राहत. सूर्य दिसला की ती आईला हाक मारायला धावत, आई बाहेर येईपर्यंत तो पुन्हा लोपलेला असे. तेव्हा त्या देवाच्या मनात आज मी जेवावे असे नाही, असे म्हणून हसतमुखाने कामाला परत जात. ही आठवण नेमकी कोणत्या अंगणातली हे आत्मकथेत म्हटलेले नाही, पण घराच्या चौकात उभे राहून वर पाहावे. चहूबाजूंच्या भिंतींमधून दिसणारा आकाशाचा तुकडा लहानच आहे, आणि सूर्य दिसून पुन्हा हरवणे म्हणजे काय ते तिथे मुलांनाही समजते.

दुसरी गोष्ट रंभेची. अंधाराला आणि भुतांना भिणाऱ्या मोहनदासाला घरातल्या या जुन्या दाईने भीतीवर रामनामाचा उपाय सांगितला. तळमजल्याच्या आतल्या खोलीत दिवा नसताना कसे वाटत असेल, हे क्षणभर डोळे मिटून पाहिले तर भीतीही समजते आणि उपायही. याच गावात मोहनदास धुळीच्या शाळेत गेला. बोटाने धुळीवर अक्षरे गिरवायची ती पद्धत आपल्याकडच्या धूळपाटीची बहीणच आहे. पाढे त्याला जड गेले, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

मोठ्यांसाठी ओता गांधींची गोष्ट आहे. पोरबंदरच्या दरबारातल्या कारस्थानांमुळे त्यांना गाव सोडून जुनागढच्या आश्रयाला जावे लागले. तिथे त्यांनी नवाबाला डाव्या हाताने सलाम केला. कारण विचारल्यावर उजवा हात पोरबंदरला आधीच दिलेला आहे, असे उत्तर दिले. हे घर पाहताना हा प्रसंग आठवला म्हणजे पुढच्या नातवाच्या हट्टाचे मूळ शोधायला फार लांब जावे लागत नाही.

घर झाले की मग कीर्तिमंदिर पाहावे. त्यानंतर मात्र मुख्य दरवाजाने परत फिरू नये. मागच्या बाजूने गल्लीत बाहेर पडावे, कारण जवळच कस्तुरबांचे माहेर आहे. गोकुळदास मकनजी कपाडिया या व्यापाऱ्याचे हे घर, आणि ११ एप्रिल १८६९ हा कस्तुरबांचा जन्मदिवस. म्हणजे त्या मोहनदासाहून काही महिन्यांनी मोठ्या. बहुतेक प्रवासी इथे येतच नाहीत, आणि मला हे मोठे दुर्लक्ष वाटते. इथे गर्दी नसते. कोरीव लाकूडकाम, लहान-लहान खोल्या, पाण्याची सोय, सगळे शांतपणे पाहता येते. पुण्यातल्या आगाखान पॅलेसमध्ये २२ फेब्रुवारी १९४४ रोजी स्थानबद्धतेत असताना कस्तुरबा गेल्या आणि त्यांची समाधी तिथेच आहे. ती पाहिलेल्या मराठी माणसाने त्यांचे माहेर न पाहता पोरबंदर सोडू नये. दोन्ही घरांमधले अंतर पावलांनी मोजावे. १८८३ मध्ये तेरा-चौदा वर्षांच्या या दोघांचे लग्न झाले तेव्हा सासर आणि माहेर एकमेकांच्या इतके जवळ होते.

वेळ उरल्यास सुदामा मंदिर जवळच आहे. पोरबंदरला सुदामापुरी असेही म्हणतात. गावची खाजली, म्हणजे पदर सुटलेला कुरकुरीत पदार्थ, बरोबर घ्यावी, ती प्रवासात टिकते.

मधला रस्ता

पोरबंदरहून राजकोटला जाणारा रस्ता केवळ उरकायचा नाही. वाटेत कुतियाणा लागते. गांधी घराणे मूळचे तिथले. ओता गांधींनी पोरबंदर सोडल्यावर जुनागढच्या हद्दीतल्या याच गावी आश्रय घेतला होता. पुढे उपलेटा, धोराजी, जेतपूर, गोंडल असे करत राजकोट येते. खासगी गाडीने साडेतीन-चार तास लागतात. मोहनदासाच्या लग्नासाठी काबा गांधी याच दोन गावांमधला प्रवास उलट दिशेने करत होते. अंतर १२० मैल, बैलगाडीने पाच दिवसांचे. संस्थानिकाने त्यांना शेवटपर्यंत सोडले नाही, म्हणून खास टांग्यांची सोय करून त्यांना तीन दिवसांत पोहोचायचे होते. शेवटच्या टप्प्यात टांगा उलटला आणि ते जबर जखमी झाले. अंगभर पट्ट्या बांधून ते लग्नात बसले. मुलाला त्या वेळी लग्नाच्या आनंदात वडिलांच्या वेदनेचे भान राहिले नाही, ही रुखरुख त्यांनी पुढे लिहून ठेवली. हा प्रसंग गाडीत असतानाच सर्वांना सांगावा, कारण राजकोटच्या घरात जे पाहायचे आहे त्याची सुरुवात त्यात आहे.

राजकोट : काबा गांधींचे डेलो

डेलो म्हणजे मोठ्या दरवाजाचे, आत चौक असलेले घर. आपल्याकडच्या वाड्याची दिंडी आठवली की कल्पना येते. राजकोट हे काठियावाड एजन्सीचे, म्हणजे इंग्रज राजकीय अधिकाऱ्याचे ठाणे. काबा गांधी तिथे राजस्थानिक कोर्टाचे, म्हणजे संस्थानिक आणि त्यांचे भाऊबंद यांच्यातले तंटे सोडवणाऱ्या न्यायमंडळाचे, सदस्य म्हणून आले आणि पुढे राजकोटचे दिवाण झाले. हे घर १८८०-८१ मध्ये बांधले गेले. तेव्हा मोहनदास अकरा-बारा वर्षांचा होता. म्हणून हे घर पाहताना सात वर्षांचा मुलगा मनातून काढून टाकावा आणि वाढत्या वयाचा, लाजाळू, शाळा सुटताच कोणाशी न बोलता घरी पळणारा मुलगा डोळ्यांपुढे आणावा.

घी-कांटा रस्त्यावरच्या जुन्या बाजारपेठेत हे घर आहे. रिक्षावाल्याला ‘काबा गांधीनो डेलो’ एवढे सांगितले तरी पुरते. पोरबंदरच्या मानाने वर्दळ फारच कमी असते, आणि हीच इथली खरी सोय. दारातून आत शिरल्यावर लगेच फलक वाचायला धावू नये. आधी चौकात थांबावे, ओसरीवर टेकता आले तर टेकावे, आणि घराची मांडणी नजरेत घ्यावी. मग खोल्यांतून छायाचित्रे पाहत फिरावे. बालपणापासून पुढच्या लढ्यांपर्यंतची चित्रे इथे लावलेली आहेत. वेळ कमी असेल तर उत्तरायुष्याची चित्रे भरभर पाहिली तरी चालतील, ती देशात अनेक ठिकाणी दिसतात. घर मात्र दुसरीकडे दिसणार नाही.

जतन केलेल्या घरातून काही गोष्टी नेहमी निघून जातात, त्या आपण मनाने परत आणाव्या लागतात. इथे धूर नाही, गुरे नाहीत, नोकरचाकर नाहीत, पाहुण्यांचा राबता नाही, आजाऱ्याची खोली नाही. शौचकूप साफ करायला येणारा उकाही नाही. उकाला शिवलास तर अंघोळ कर, असे घरचे सांगत. मोहनदास ते निमूट पाळत असला तरी त्यात पाप काय आहे असे आईला विचारत असे, आणि तेव्हा त्याचे वय जेमतेम बारा होते, असे गांधीजींनी १९२१ मध्ये एका भाषणात सांगितले. अस्पृश्यतेबद्दलचा तो पहिला प्रश्न घरातल्या वागणुकीतून निघाला होता. मुलांबरोबर असाल तर हे न वगळता सांगावे.

पौगंडावस्थेतल्या चुकाही याच काळातल्या आहेत. मित्राच्या नादाने नदीकाठी एकांतात मांस खाल्ले. अशा मेजवानीच्या दिवशी घरी आल्यावर आई जेवायला बोलावी, तेव्हा भूक नाही, असे खोटे सांगावे लागे. त्या खोट्याची बोचणी मांसाहून मोठी ठरली. पुढे पंधराव्या वर्षी भावाचे सुमारे पंचवीस रुपयांचे कर्ज फेडण्यासाठी त्याच्या हातातल्या सोन्याच्या कड्याचा तुकडा काढून विकला गेला. तोंडाने कबूल करण्याचे धैर्य नव्हते, म्हणून मोहनदासाने चिठ्ठी लिहिली, शिक्षा मागितली, आणि भगेंदराने आजारी असलेल्या वडिलांच्या हातात ती दिली. वडील लाकडी पाटावर पडून होते. वाचण्यासाठी ते उठून बसले, डोळ्यांतल्या पाण्याने कागद भिजला, क्षणभर डोळे मिटून त्यांनी चिठ्ठी फाडली आणि ते पुन्हा आडवे झाले. रागाचा एक शब्दही नाही. अहिंसेचा तो पहिला वस्तुपाठ होता, असे गांधीजींनी म्हटले आहे. तेव्हा कुटुंब याच घरात राहत होते. बरोबर असलेल्यांपैकी कोणीतरी आत्मकथेतला हा उतारा चौकात हळू आवाजात वाचून दाखवावा. दोन-तीन मिनिटांचे काम आहे, आणि संपूर्ण सहलीत यापेक्षा चांगली दोन-तीन मिनिटे मिळणार नाहीत.

१८८५ मध्ये काबा गांधी याच घरात गेले. रोज रात्री वडिलांचे पाय चेपणारा मुलगा त्या रात्री काकांनी सुट्टी देताच आपल्या खोलीत गेला आणि काही मिनिटांतच नोकराने दार ठोठावले. शेवटच्या क्षणी जवळ नसल्याची लाज त्यांनी आयुष्यभर बाळगली. हा प्रसंग मोठ्यांसाठी आहे. लहान मुले बरोबर असतील तर त्यांना पुढच्या खोलीत जाऊ द्यावे.

डेलो पाहून झाले की जवळच ज्युबिली बागेच्या बाजूला जुने आल्फ्रेड हायस्कूल आहे. मोहनदास इथे शिकला आणि १८८७ मध्ये मॅट्रिक झाला. ‘केटल’ या शब्दाचे स्पेलिंग चुकलेले असताना शिक्षकाने बुटाच्या टोकाने शेजाऱ्याची पाटी पाहायची खूण केली आणि मुलाला ती कळलीच नाही, तो प्रसंग हायस्कूलच्या पहिल्या वर्षातला. या शाळेच्या इमारतीत २०१८ पासून महात्मा गांधी संग्रहालय आहे. त्याला तिकीट लागते आणि दृकश्राव्य दालने पाहायला दोन तास तरी हवेत. शाळकरी मुलांना ते आवडते. तरीही संग्रहालयासाठी डेलोचा वेळ कापू नये, आणि दोन्हींपैकी एकच शक्य असेल तर डेलोच निवडावे.

परतीची गाडी रात्रीची असेल तर संग्रहालयानंतर थोडा वेळ काढून पुन्हा एकदा डेलोच्या दरवाजापर्यंत यावे. ऑगस्ट १८८८ मध्ये मोहनदास इथून मुंबईला निघाला. मद्य, मांस आणि परस्त्री यांना शिवणार नाही अशी शपथ जैन साधू बेचरजी स्वामींनी त्याला आईसमोर दिली होती, शाळेतल्या मुलांनी निरोपाचा समारंभ केला होता, आणि घरात कस्तुरबा व काही महिन्यांचा हरिलाल मागे राहिले होते. ४ सप्टेंबरला तो मुंबईहून बोटीत बसला. १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन मुंबईच्या धक्क्यावर उतरल्यावर भावाने त्याला सांगितले की आई आता नाही. ती गेल्याचे त्याला तोवर कळवलेले नव्हते. त्यानंतर तो या दरवाजातून आत आला तेव्हा आत पुतळीबाई नव्हत्या.